शेवटचा खिळा कसा वाजला

आबा, तुला वाचता येत नव्हतं आणि शेवटी शेवटी ऐकूही येत नव्हतं, तेव्हा तुला काही सांगायचं म्हणजे जिवंतपणीच पंचाईत होती. आता तर तू जाऊन सोळा पावसाळे झाले. तरी लिहितेय. आज सकाळी एक गोष्ट झाली आणि ती दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीने उकरल्यासारखं. दुसरी इयत्ता अर्ध्यात सोडलेल्या बाईचं अक्षर याहून बरं कुठून येणार. पेन्सिल शेजारच्या मुलीची मागून आणलीय. दुपारची मोटार येईपर्यंत दुकान बंद असतं, तेवढ्यात लिहून संपवायचंय. मला लांबण लावायची सवय नाही, तुला ठाऊक आहे.

आपल्या भट्टीच्या जागी आता माझं चहाचं दुकान आहे. रेवदंड्याच्या कोटाच्या दरवाजासमोर, टांगे उभे राहायचे तिथेच. टांगा आता एकच उरलाय, तोही लग्नाच्या वरातीपुरता. बाकी सगळं मोटारीने. मोटार येते, माणसं उतरतात, चहा पितात, खाडीवर होडी धरायला जातात. भाता मोडून टाकला, त्याच्या चामड्याला उंदीर लागले होते. ऐरण मात्र दारात पुरलेली तशीच आहे. लोक तिच्यावर बसून चहा पितात. मी हाकलत नाही. लोखंड आहे, त्याला काय होतंय.

आज सकाळी नागावचा एक वाडीवाला तट्टू घेऊन आला. नारळाची गाडी ओढणारं काळं तट्टू, त्याच्या मागच्या पायाचा नाल वाटेत पडलेला. अलिबागचा एक नालबंद सायकलवरून या बाजूला येतो अधूनमधून, मिशीवाला, तिशीचा असेल, तो नेमका माझ्याकडे चहा पीत होता. त्याने तिथेच पथारी मांडली. तट्टू पाय देईना. मग वाडीवाल्याने त्याचा कान पिळून धरला, मोटारीतून उतरलेल्या एका गड्याने पाय उचलून धरला, आणि हा ठोकायला लागला. मी आत कांदा चिरत होते. स्टोव्ह पेटलेला, त्याचा तो घरघराट, बाहेर मोटारवाला भोंगा वाजवतोय, दोन बाया जागेवरून भांडतायत. त्यातून मला ऐकू येतंय. ठण. ठण. ठण. आणि मग ठस. भरल्या मडक्यावर टिचकी मारली की वाजतं ना, तसं.

मी विळी तशीच सोडून बाहेर गेले. म्हटलं, "काढ तो खिळा."

"काय झालं मावशे?"

"खिळा काढ म्हणते ना. आत गेलाय."

"तू तुझा चहा बघ गो. उतू जाईल तिकडं."

"चहा गेला चुलीत. आधी तो खिळा काढ, नाहीतर मी काढते."

वाडीवाला कान न सोडता हसायला लागला. "घ्या! आता चहावाली नाल मारणार. उद्या नालवाला भजी तळंल."

पण तो नालबंद चांगला आहे. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, पक्कड घेतली आणि खिळा ओढला. टोक ओलं होतं. लाल. दोऱ्याएवढं. हसणाऱ्याने तट्टूचा कान सोडला. मी आतून टर्पेंटाइनची बाटली आणून त्या भोकात ओतली आणि म्हटलं, इथे आता खिळा मारू नकोस, महिनाभर हे भोक मोकळं ठेव. त्याने मान हलवली. मग निघताना, सायकलला पिशवी अडकवता अडकवता तो विचारतो, "मावशे, तुला कळलं कसं?"

म्हटलं, "ऐकू आलं."

"तिथनं? स्टोव्ह चालू असताना?"

मी आत आले आणि पाटावर बसले. कांदा अर्धा चिरलेला होता, डोळ्यांत पाणी यायला कारण होतं, कोणी विचारलं नाही. पण आबा, त्याचा तो प्रश्न मला लागला. कारण असाच एक प्रश्न तूही मला विचारला होतास, याच दारात. त्याला मी जे उत्तर दिलं, त्यावरून तू हातोडा कायमचा खाली ठेवलास. ते उत्तर बरोबर होतं की चूक, हे मी इतकी वर्षं नीट बघितलं नव्हतं. आज बघावं लागलं.

तुझे कान नक्की कधी गेले ते मला आठवत नाही. मी नवरा तापात गेल्यावर सासरचं सामान तिथेच टाकून परत आले, तेव्हा डावा गेलेला होता. तू म्हणायचास, "ऐरणीने खाल्ला. एकच खाल्ला, दयाळू हाय बिचारी." मग उजवाही उणा होत गेला. आई आधीच गेलेली, घरात आपण दोघं, त्यामुळे बाहेर कोणाला कळलं नाही. भट्टीच्या कामाला कान लागत नाही, लोखंडाच्या रंगावरून कळतं. कोयता, विळा, होडीचे खिळे, सगळं तुला डोळ्यांनी जमायचं. पण घोड्याला नाल मारायला कान लागतो. हे तूच मला समजावलं होतंस, मी नवीन नवीन पाय धरायला शिकले तेव्हा. खुराच्या बाहेरचं नख मेलेलं, आत जितं मास. खिळा नखातून तिरका जाऊन वरती बाहेर निघायला हवा. नखात असला की हातोड्याखाली ठणठणतो. मासाकडे वळला की आवाज बुजतो. डोळ्याला त्यातलं काही दिसत नाही. हाताला थोडं कळतं. कानाला सगळं कळतं.

आणि मग तुला कानच राहिला नाही.

आपण दोघांनी त्यावर जो उपाय काढला, तो बोलून काढलेला नव्हता. एक दिवस एका टांग्याच्या घोड्याला तू नाल मारत होतास. खूर माझ्या मांडीवर, काष्ट्याला गोणपाट बांधलेलं, तू वाकलेला, तोंडात खिळे, आणि चार टांगेवाले भोवती बिड्या ओढत उभे. खिळा बुजला. मला ऐकू आलं, तुला नाही. तू पुढचा घाव घालायला हातोडा उचललास. माझ्या दोन्ही हातांत पाय, ओरडले असते तर चौघांना कळलं असतं की लोहाराला ऐकू येत नाही. मग कोण जनावर घेऊन आलं असतं? मी माझ्या पायाच्या अंगठ्याने तुझं पाऊल दाबलं. तू थांबलास. खिळा काढून बघितलास, दुसऱ्या कोनातून घातलास. मान वर करून माझ्याकडे बघून हसलास, दात नसलेल्या बाजूने. तेव्हापासून तेच चालू झालं. बरा वाजला तर गप्प, बुजला तर अंगठा. चारपाच वर्षं आपण असं काम केलं आणि त्या टांगेवाल्यांना पत्ता लागला नाही. उलट म्हणायचे, "लोहारदादाच्या हाताला डोळे हायेत." मी मनात म्हणायचे, डोळे नाहीत, माझा अंगठा आहे. मला त्याचा गर्व होता. दुसरं गर्व करण्यासारखं माझ्याकडे होतं काय?

तू माझ्यावर असा भरवसा पहिल्यापासूनच टाकायचास, ही तुझी चूक. मी सहा-सात वर्षांची असताना तू चौलच्या जत्रेतून मला पाटी आणलीस. आई म्हणाली, लोहाराच्या पोरीला पाटी कशाला, भाकऱ्या थापायला? तू म्हणालास, "वाचंल ती. मना वाचून दाखवंल." मग मुंबईहून नालाच्या खिळ्यांचं खोकं यायचं ते तू माझ्यापुढे ठेवायचास. वाच गो बाय, काय लिवलंय. त्यावर इंग्रजी. मला मराठी धड येत नव्हतं. पण तू असा वाकून बघायचास की मला नाही म्हणवत नव्हतं. मी ठोकून द्यायचे, "उत्तम खिळे. लोहारांनी हेच वापरावेत. पाण्यापासून जपावेत." तू मान डोलवायचास आणि खोकं उचलून फळीवर, पाणी लागणार नाही अशा जागी ठेवायचास. आजही ते आठवलं की हसू येतं आणि मग येत नाही.

आता तांबड्याचं. ते तट्टू आपल्या शेजारच्या टांगेवाल्याने माथेरानहून आणलं होतं. तिथे माणसं पाठीवर घेऊन चढत-उतरत असायचं. पाठीला सरळ, गाडीला सरळ, फक्त उजवा मागचा पाय कोणाला देत नव्हतं. तिथे कोणी तापलेला नाल लावला होता की काय केलं होतं देव जाणे. टांगेवाला पहिल्यांदा घेऊन आला तोच ओरडत, "लोहारदादा, सांभाळ बाबा! माझी बायको मारत न्हाय एवढ्या लाथा मारतं हे." त्याची बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "मी पाय उचलला न्हाय अजून, म्हणून बोलतोय."

दुसऱ्या कोणी त्याला पाडून, चारी पाय बांधून नाल मारला असता. मी तेच म्हणत होते. ओठाला दोरीचा फास घाला, पिळा, दोन मिनिटांत काम. तू ऐकायला तयार नाहीस. ऐकू येत नव्हतं म्हणून नाही. तू त्याच्या खांद्यापाशी जाऊन नुसता उभा राहायचास. हात पाठीवर. मग हात कमरेपर्यंत. मग थांबायचास. त्याने शेपूट झटकली की हात पुन्हा खांद्यावर, पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या तोंडातलं पान संपायचं, टांगेवाल्याची दुसरी बिडी संपायची, माझा जीव वर-खाली व्हायचा. असा अर्धा तास गेला की ते एकदम सगळा भार डाव्या पायावर टाकायचं आणि उजवा सैल सोडायचं. तेव्हा तू हळूच हात खाली न्यायचास आणि मला खूण करायचास. मी धुसफुसले की म्हणायचास, "त्याने दिला तर पाय. आपण घेतला तर ती लाथ." एकदा मी चिडून भात्याच्या दांड्याने त्याच्या ढुंगणावर हाणलं, तर दिवसभर तू माझ्याशी बोलला नाहीस. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणालास, "तुला कोणी मारून पाय मागितला असता तर दिला असतास?" मी म्हटलं, मी काय घोडी आहे? तू म्हणालास, "न्हाय. घोडीला अक्कल असती." आणि वाटीतलं सार पुढे सरकवलंस. तुझं रागवणं तेवढंच.

तो दिवस वैशाखातला. स्वराज्याचा झेंडा लागला त्याच्यानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष. ऊन असं की कोटाच्या भिंतीला हात लावता येत नव्हता. मी सकाळीच कोळणीकडून पाटीभर जवळा घेतला होता, तांदळाएवढी बारीक कोळंबी, आणि दारासमोर चटई टाकून वाळत घातला होता, पावसाळ्याची बेगमी. तुला जवळ्याची चटणी किती आवडायची. तेवढ्यात टांगेवाला तांबड्याला घेऊन आला. चारी नाल बदलायचे होते, दुसऱ्या दिवशी त्याला अलिबागला लग्नाची माणसं न्यायची होती. तीन पाय झाले. उजवा मागचा राहिला. आणि तांबडं त्या दिवशी फार अडलं. तू हात ठेवतोस, ते सरकतं. तू थांबतोस, ते दगड उडवतं. मी गोणपाट बांधून वाकून उभी, कंबर धरलेली, घाम डोळ्यांत. आणि समोर चटईवर एक कावळा उतरला. मग दुसरा. मी तोंडाने हाड हाड केलं तर तांबडं बिचकलं आणि तू माझ्याकडे डोळे वटारलेस. मी गप्प झाले. कावळे आठ-दहा झाले.

शेवटी एकदाचा पाय मिळाला. नाल बसवलास. एक खिळा, दोन, तीन, सगळे ठणठणीत. तांबडं थरथरत होतं पण उभं होतं. शेवटचा खिळा टाचेकडचा, तिथे नख पातळ असतं. माझे डोळे चटईवर. कावळे जवळा असा उधळत होते की जणू त्यांच्या बापाचा. तू घाव घातलास आणि तांबड्याने माझ्या मांडीवर पाय असा ओढला की मी पडता पडता वाचले. टांगेवाला ओरडला, "ए सैताना! झालं ना आता, एकच राहिला!" मीही ओरडले, "नाटकं याची!" तू दुसरा घाव घातलास, तिसरा घातलास. टोक बाहेर आलं ते वळवून मोडलंस, कानस फिरवलीस. पाय खाली ठेवला. मी गोणपाट सोडलं आणि धावत जाऊन कावळे हाकलले.

चौथ्या दिवशी तांबडं लंगडत आलं. त्या अडणाऱ्या जनावराने त्या दिवशी पाय लगेच दिला, मागायच्या आधी. तू नाल काढलास आणि शेवटच्या खिळ्याच्या भोकातून पू आला. तू माझ्याकडे बघितलंस. मी तांबड्याकडे बघत होते. तू खूर कोरून मोकळा केलास, कोंड्याचं पोटीस बांधलंस, कडुनिंबाच्या पाण्याने धुतलंस, रोज जात होतास त्याच्या गोठ्यात. पाय बरा होत होता. लंगडणं कमी झालं. मला वाटलं, सुटलो. मग आठवड्याने टांगेवाला सकाळीच आला, चेहरा कसातरीच. म्हणाला, "दादा, ते तोंड उघडत न्हाय." धनुर्वात. तू गेलास, मी मागे मागे आले. तांबडं गोठ्यात चारी पाय फाकून उभं, लाकडी घोडा करून ठेवलाय असं. शेपूट ताठ. डोळ्यांवर पांढरा पडदा. दारात कोणाची सावली पडली तरी अंगभर झटका. तू आत गेलास, हळू, भिंतीच्या कडेने. त्याच्या खांद्यापाशी उभा राहिलास आणि हात पाठीवर ठेवलास. तसाच, पाय मागायला उभा राहायचास तसा. तू तिथून दुपारपर्यंत हलला नाहीस. काही मागायचं नव्हतं तरी वाट बघत होतास. मी दारातून परत आले. माझ्याने बघवेना. दुसऱ्या दिवशी ते गेलं. टांगेवाल्याने तुला बोल लावला नाही. मलाच वाटेत थांबवून म्हणाला, "दादाचं वय झालं गो बाय. आता जड कामं नको देऊ त्याला." मी म्हटलं, "व्हय." एवढंच.

त्याच संध्याकाळी, दिवस असताना, तू दारात ऐरणीपाशी बसला होतास. मी पाणी घेऊन आले. तू विचारलंस, "त्या शेवटच्या खिळ्याला काय वाजलं होतं गो?"

साधं विचारलंस. ओरडून नाही, डोळे वटारून नाही. जसं खोकं पुढे ठेवून विचारायचास, काय लिवलंय.

बहिऱ्या माणसाशी खोटं बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आबा. हळू पुटपुटून सुटका नसते. मी तुझ्या उजव्या कानाशी वाकले आणि ओरडले, "नीट वाजला होता! ठणठणीत!" समोरची बाई दारात येऊन बघायला लागली. मी पुन्हा ओरडले, "इतरांसारखाच वाजला!" तू ऐकलंस. मान डोलवलीस, अगदी तशीच. मग आपला उजवा हात पुढे धरून उलटा-पालटा करून बघितलास, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. म्हणालास, "मंग हात गेला माझा." आवाज बरोबर होता आणि तरी खिळा मासात गेला, म्हणजे दोष हाताचाच. तुझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी चुकीचं सांगेन हे तुझ्या मनात येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टांगेवाला घोडा घेऊन आला तर तू त्याला सांगितलंस, "न्हाय रे. आता अलिबागला जा. मी सोडलं." तो थट्टा समजून हसला. तू नालाचा हातोडा, खूर तासायची रापी, पक्कड गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवलंस, त्या खिळ्यांच्या खोक्याशेजारी, पाणी लागणार नाही अशा जागी. मी बघत होते. तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं. हात शाबूत होता तुझा, आबा. नखाच्या कडेला कोणाचाही खिळा वळतो, चांगल्या नालबंदाचाही. म्हणून तर कान ठेवायचा. आज त्या मिशीवाल्याचा वळला, त्याने काढला, तो उद्या दुसऱ्या घोड्याला नाल मारील. तूही मारला असतास. त्यानंतर तू विळे केलेस, कोयते केलेस, पण कोणी ते नेले तरी आणि नाही नेले तरी तुला फरक पडत नव्हता. टांगेवाले यायचे बंद झाले. सकाळी तू ऐरणीपाशी बसायचास आणि रस्त्यावरून टांगा गेला की घोड्याच्या पायांकडे बघायचास. दीड वर्षात तू गेलास. कशाने गेलास म्हणून कोणी विचारलं की मी सांगते, छातीने.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की मला ऐकूच आलं नसेल. वारा होता खाडीवरून. तट्टू धडपडत होतं. टांगेवाला ओरडत होता. कावळे कोकलत होते. एवढ्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार? असं म्हणत म्हणत ते मला खरं वाटायला लागलं होतं. आज मला स्टोव्हच्या घरघराटातून, मोटारीच्या भोंग्यातून, दोन बायांच्या भांडणातून, आतल्या खोलीत कांदा चिरताना ऐकू आलं. मग खूर माझ्या मांडीवर होता तेव्हा कसं नाही आलं?

आलं होतं. पहिल्याच घावाला आलं होतं, तांबड्याने पाय ओढला त्याच्याही आधी. अंगठा तुझ्या पावलावर टेकलेलाच होता, नुसता दाबायचा होता. पण दाबला तर तू खिळा काढणार, पाय खाली जाणार, पुन्हा अर्धा तास खांद्यापाशी उभं राहणार, आणि कावळे सगळा जवळा खाणार. एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुसरं काही आलं नाही. मी अंगठा उचलून बाजूला ठेवला.

हे कागद मी कुठे ठेवणार नाही. मोटार यायची वेळ झालीय, स्टोव्ह पेटवायला लागतातच. पण एक राहिलं. जवळा अर्ध्याच्या वर कावळ्यांनी नेलाच होता. उरलेला मी त्याच दुपारी भाजला, कांदा-मिरची घालून चटणी केली. तांबड्याच्या पायाने माझी मांडी काळीनिळी झाली होती, तू भिंतीला टेकून जेवत होतास. दोनदा मागून घेतलीस. म्हणालास, "झकास झालीय गो. जवळा वाचवलास म्हणायचा." आणि मी तुला आणखी वाढली.